दीड शेंगदाणा

आमच्या भरपाई विभागात सोमवारी
सहा उंच टेबलं आली.
बटण दाबलं की वर, दाबलं की खाली,
मध्येच अडकलं तर रफीककडून वायर हलवून घ्यायची.
साहेब म्हणाले, बैठं काम आता बंद.
एकवीस वर्षं मी बसल्या जागी
लोकांच्या मोडलेल्या हाडांचे हिशेब केले,
खुर्चीच्या रेक्झिनला माझा आकार आला,
आणि आज कळतंय
की तीच मला हळूहळू खात होती.

संशोधन करणारी रेवती खानविलकर
कमरेला काडेपेटीएवढं यंत्र लावून गेली.
पाच दिवस. बसलात किती, उभ्या किती,
शक्ती किती खर्ची पडली.
मी विचारलं, उभं राहून नेमकं मिळतं काय?
खरं बोलणारी मुलगी. म्हणाली,
तासाला आठ-नऊ कॅलरी जास्त.
म्हणजे?
म्हणजे, धरा, दीड शेंगदाणा.

वडील गिरगावातल्या छापखान्यात खिळे जुळवायचे,
उभ्याने, उलटी अक्षरं, एकेक करून.
रात्री आई पाटाकडे बोट दाखवायची
तर म्हणायचे, थांब, आधी गुडघ्यांना विचारतो.
मला सांगायचे, शिक, खुर्चीवरची नोकरी धर.
आणि त्याच दमात, स्वतःच्या पायावर उभी राहा.
दोन्ही एकदम कसं करायचं
ते त्यांनी सांगितलं नाही,
मीही विचारलं नाही.

बुधवारी तीन वाजता माझ्या टाचा बोलायला लागल्या.
समोर एका स्कूटरस्वाराच्या घोट्याचा दावा,
मी एका पायावरून दुसऱ्यावर,
पुन्हा पहिल्यावर,
बगळ्यासारखी.
खाली जाताना लिफ्टमध्ये पास्कल डाबरे.
सकाळी नऊ ते रात्री आठ, जाळीचं दार ओढत.
त्याचं स्टूल दिवाळीच्या रंगकामात बाहेर काढलं
ते परत आलंच नाही.
बसलेला लिफ्टमन पाहुण्यांना बरा दिसत नाही म्हणे.

गुरुवारी यंत्र मी त्याच्या पट्ट्याला अडकवलं.
बाई, हे काय मोजतं?
तू उभा आहेस ते.
तो हसला. त्याला यंत्र कशाला?

पुढच्या आठवड्यात रेवतीने आलेख पसरला.
चार दिवस माझी सपाट रेघ,
गुरुवारी जरासं टेकाड, तांदळाएवढं.
त्या दिवशी बऱ्याच उभ्या होतात वाटतं?
अकरा तास, मी म्हटलं.
तिने आकडा मांडला. सोळा-सतरा शेंगदाणे.
एक पुडी, तीही भरत नाही.
मग त्याच्या पिंढऱ्यांवर या निळ्या दोऱ्या कुणी ओवल्या?
रात्री बूट का निघत नाही पायातून?
कुणाच्या? तिने विचारलं.
मी खरं ते सांगून टाकलं.
ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली,
दमणं आम्ही मोजत नाही, मॅडम,
आम्ही फक्त खर्च मोजतो.
आणि पेनाने, अगदी सरळ रेघ मारून,
तिने गुरुवार खोडला.
तिचंही बरोबरच होतं. माणूस दुसरा होता.

माझी जुनी खुर्ची भंगारात जायची होती.
रफीकने आणि मी ती लिफ्टमध्ये नेली,
कोपऱ्यात तिरकी बसली एकदाची.
वरून अजून कुणी काही बोललेलं नाही.
बोलतील.
साहेब आत आले की पास्कल उठतो.
कुणीही आलं की उठतो, मी आले तरी,
कितीदा सांगितलं.
पण पाचव्यावर सगळे उतरून गेले,
खालून अजून घंटी आलेली नाही,
एवढ्यात, एवढ्यापुरता
तो टेकतो म्हणे,
माझ्या आकारात.